हिरवी तार

त्याला सगळे ससा म्हणत. वायरमन म्हणून कामाला लागला तेव्हाच हे नाव चिकटलं आणि पुढे लग्न झालं, कानामागचे केस पिकले, तरी सुटलं नाही. पाठीवर पान पडलं म्हणून आभाळ पडलं असं ओरडत पळणारा ससा लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेला असतो, त्यामुळे नाव ठेवणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार. मागे दार आपटलं तरी हा दचकायचा. साधा बल्ब बदलायचा तर अख्ख्या घराची वीज बंद करायचा. बंद केल्यावर पुन्हा टेस्टर लावून बघायचा, आणि तो टेस्टर तरी धड आहे ना, हे आधी चालू सॉकेटमध्ये घालून बघायचा. बरोबरचे वायरमन म्हणायचे, "एवढा जीव प्यारा होता तर भाजीचं दुकान टाकायचं होतंस." ससाही हसायचा. पण ते हसू ओठांच्या आत जात नसे.

या भीतीला कारण होतं. शिकाऊ असताना तो एका उस्तादाच्या हाताखाली होता. एकदा दोघं एका लाँड्रीत मोटर बघायला गेले. त्या मोटरची हिरवी तार कुणीतरी कधीतरी कापून टाकली होती. हिरवी तार म्हणजे अर्थिंगची. एरवी तिच्यातून वीज वाहत नाही, म्हणून ती नसली तरी यंत्र मजेत चालतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. आत काही बिघडून यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली, तर तिने माणसाच्या अंगातून न जाता मुकाट जमिनीत जावं, एवढ्यासाठी ती असते. उस्तादाने ओल्या फरशीवर उभं राहून पत्र्याला हात टेकला. तो ओरडला नाही, काही नाही. नुसता थांबला. ससा शेजारी उभा होता, त्याला वाटलं, उस्ताद मोटरचा आवाज ऐकतोय. मग कळलं. त्याने शिकवलं होतं तसंच केलं, अंगाला हात न लावता पळत जाऊन मेन स्विच ओढला. नंतर सगळ्यांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, तू बरोबर केलंस. पण उस्ताद काही उठला नाही.

त्या दिवसापासून विजेची भीती सशाच्या हाडात बसली. पण ती भीती त्याने कामाला लावली होती. तिच्यामुळेच त्याच्या हातून कधी चूक झाली नाही. खरी अडचण होती ती दुसऱ्या भीतीची. ससा माणसांना घाबरायचा. कुणी आवाज चढवला, कपाळाला आठी घातली, की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं आणि समोरचा म्हणेल त्याला तो मान डोलवायचा. ही भीती कशाच्याच कामाची नव्हती, आणि तिनेच एक दिवस त्याचा घात केला.

तेव्हा तो गाणी ऐकायच्या महागड्या यंत्रांच्या दुकानात होता. मालक यंत्रं विकायचा आणि ससा त्यांच्यासाठी घरात स्वच्छ वीज आणून द्यायचा. विजेला काय साबण लावून धुवायचं असतं, असं त्याच्या बायकोने लग्नानंतर विचारलं होतं. त्याने तिला समजावलं, की घरातल्या तारांमधून फ्रीज, लिफ्ट, शेजारच्यांचा मिक्सर, सगळ्यांचा कचरा वाहत असतो. चांगल्या स्पीकरमध्ये तो खरखर होऊन ऐकू येतो. मग मीटरपासून यंत्रापर्यंत फक्त त्याच्यासाठी वेगळी लाइन ओढायची, मध्ये वीज गाळणारी पेटी बसवायची, चांगली घट्ट सॉकेटं लावायची, आणि अर्थिंगही नवं, वेगळं द्यायचं. नवं अर्थिंग हा मालकाचा हट्ट. गिऱ्हाइकाला तो ते मोठ्या ऐटीत सांगायचा.

असंच एक काम दोन बहिणींच्या घरी निघालं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लांबट दिवाणखाना, त्याला लागून एक लहान खोली. थोरली बहीण गाणं शिकवून निवृत्त झालेली. उंच, ताठ, आणि कान असे, की खालच्या मजल्यावर कुणी बेसूर शीळ घातली तरी हिचं डोकं दुखायचं. धाकटी कुठल्याशा कचेरीत टायपिस्ट होती, तीही आता घरीच. तिला स्वच्छतेचं वेड. ससा तिथे काम करत होता तेवढे दिवस त्याने तिला ओल्या फडक्याशिवाय पाहिलं नाही. खिडक्या पूस, कपाटं पूस, दिव्यांची बटणं पूस. सशाने घाबरत घाबरत सांगितलं होतं, बटणांना ओलं फडकं लावू नका. तिने मान डोलवली आणि पाठ वळताच पुन्हा पुसायला लागली.

थोरलीने साठवलेल्या पैशातून मोठा ॲम्प्लिफायर, तबकडी वाजवायचं यंत्र आणि माणसाच्या छातीइतके उंच स्पीकर घेतले होते. पहिल्याच दिवशी तिने सशाला हद्द आखून दिली.

"मागच्या बारीक तारा तुमच्या दुकानातल्या माणसाने लावल्यात. त्यांना हात लावायचा नाही. तुमचं काम भिंतीपर्यंत."

"हो बाई," ससा म्हणाला.

त्याने जीव ओतून काम केलं. लाइन ओढली, पेटी बसवली, खाली अंगणात नवं अर्थिंग गाडलं. फ्रीज चालू होताना स्पीकरमध्ये व्हायची ती टिकटिक गेली, लिफ्टची खरखर गेली. थोरली खुर्चीत डोळे मिटून बसली. बराच वेळ बसली. मग म्हणाली, "भुंगा आहे."

"काय?"

"आत भुंगा बसलाय. बारीक गुणगुण. आधी नव्हती. तुमच्या कामानंतर आली."

सशाने स्पीकरला कान लावला. खरंच होती. घुंऽऽ अशी, एका सुरात, न थांबणारी.

पुढच्या खेपेला त्याने पेटी बदलली. गुणगुण तशीच. त्यापुढच्या खेपेला सॉकेटं बदलली, जोडण्या पुन्हा आवळल्या. गुणगुण तशीच. दर खेपेला थोरली खुर्चीत बसून डोळे मिटायची, आणि तिने डोळे उघडेपर्यंत ससा शाळेत पाढे विसरलेल्या पोरासारखा भिंतीला टेकून उभा राहायचा. मागच्या तारा एकदा काढून बघितल्या पाहिजेत, हे त्याच्या मनात येत होतं. एकदा तर शब्द ओठांपर्यंत आले. पण तिने भुवई उचलून नुसतं "काय?" म्हटलं आणि शब्द जिथून आले तिथे परत गेले.

शेवटी तिने मालकाला फोन केला. मालकाने सशाला बोलावून सांगितलं, "त्या बाई गावभर सांगतील. आज काहीही कर, गुणगुण बंद झाल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नकोस."

काहीही कर. ससा पिशवी खांद्याला लावून निघाला तेव्हा हे दोन शब्द त्याच्या कानात त्या भुंग्यासारखे फिरत होते. काहीही म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं. या धंद्यात सगळ्यांनाच ठाऊक असतं. अशी गुणगुण पुष्कळदा अर्थिंगमधून येते. हिरवी तार कापली की गुणगुण जाते. तिच्याबरोबर काय जातं ते कुणी सांगत नाही.

त्याने ती कापली.

दाराची कडी न वाजवता कुणाच्या तरी घरात शिरल्यासारखं त्याला वाटलं. यंत्राच्या सॉकेटचा बोर्ड उघडला, मेन बंद केलेलाच होता. तारेच्या टोकाला टेप गुंडाळली, ते बोर्डाच्या मागे दडवलं, झाकण लावून स्क्रू पिळले. वीज चालू केली, ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला टेस्टर लावून पाहिला, त्यातला दिवा लागला नाही. थोरली खुर्चीत बसली. डोळे मिटले. उघडले, आणि ससा त्या घरात यायला लागल्यापासून पहिल्यांदा हसली.

"गेला भुंगा," ती म्हणाली. "काय केलंत?"

"जोडणी सैल होती," ससा म्हणाला.

धाकटीने चहा दिला. तिच्या दुसऱ्या हातात फडकं होतं. सशाने चहा उभ्याउभ्याच घेतला, जीभ भाजली, आणि जिना उतरला.

दुपारी त्याला एका दाताच्या डॉक्टरच्या दवाखान्यात पंखा बसवायचा होता. शिडीवर चढून तो पंख्याच्या तारा जोडत होता. खाली झाडलोट करणाऱ्या बाईने फडकं बादलीत बुडवलं, पिळलं आणि खुर्चीची लोखंडी दांडी पुसायला घेतली. ससा वरून बघत राहिला. ते फडकं दांडीवरून पुढे मागे होत होतं. पाण्याचा एक ओघळ खाली उतरला.

त्याने हातातली तार सोडून दिली.

ॲम्प्लिफायरची पेटी पत्र्याची होती. धाकटी ती रोज पुसत असणार. रोज, ओल्या फडक्याने, अनवाणी, आणि तिची फरशीही सदा नुकतीच पुसलेली. हे सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. सकाळी तार कापताना ते डोक्यात आलंच कसं नाही? आलं असेल. त्याने ते बाजूला सारलं असेल. थोरलीच्या मिटलेल्या डोळ्यांपुढे त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं.

तो शिडीवरून उतरला. फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग आठवलं, गाणं ऐकताना मी फोन उशीखाली ठेवते, असं थोरलीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. धाकटीचा नंबर त्याच्याकडे नव्हता. दुकानात फोन करून विचारावा, तर मालक विचारणार, झालं काय? इकडे आड, तिकडे विहीर. त्याने त्यातल्या त्यात आड निवडला, म्हणजे फोन खिशात टाकला आणि डॉक्टरला न सांगताच बाहेर पडला. पंखा तसाच लोंबकळत राहिला.

बस मिळाली, पण पुलाच्या अलीकडे अडकली. पुढे काय झालं होतं कुणास ठाऊक, गाड्यांची रांगच्या रांग उभी होती. ससा दाराच्या दांड्याला धरून उभा राहिला. मग दांडा लोखंडी आहे असं वाटून त्याने हात काढला. मग स्वतःचीच लाज वाटली. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

"मला उतरायचंय."

"बसचा थांबा पुढे आहे की."

"आत्ता उतरायचंय," ससा म्हणाला. त्याचा आवाज इतका चमत्कारिक निघाला की चालकाने मागे न बघताच दार उघडलं.

तो पळत सुटला. पन्नाशीला आलेला माणूस, खांद्यावर हत्यारांची पिशवी, ती प्रत्येक पावलाला बरगडीवर आपटतेय. लोक बाजूला होत होते. त्याच्या डोळ्यांसमोर उस्ताद येत नव्हता, हेच त्याला जास्त भीतीदायक वाटत होतं. समोर यायची ती धाकटी. हात पेटीवर टेकलेला, मान थोडी कलती, जणू काही ऐकतेय.

इमारतीत शिरून तो जिना चढला. तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा त्याच्या घशात शिट्टी वाजत होती. दाराला कान लावला. गाणं नव्हतं. पण आतून आवाज येत होता. टक्… टक्… टक्…

सशाला तो आवाज ओळखू आला. तबकडी संपली होती. सुई शेवटच्या खाचेत अडकून गोल गोल फिरत होती आणि ती उचलायला कुणी येत नव्हतं. थोरलीसारखी बाई, जिला स्पीकरमधला भुंगा सहन होत नाही, ती हा आवाज क्षणभर तरी ऐकून घेईल का?

त्याने बेल दाबली. दार ठोठावलं. "बाई," म्हणाला. पुन्हा ठोठावलं, तळहात दुखेपर्यंत. टक्… टक्…

तो उलटा खाली पळाला. मीटरच्या खोलीला कुलूप. चौकीदार स्टुलावर बसून डबा खात होता.

"किल्ली द्या."

"कशाची?"

"मीटरच्या खोलीची. तिसऱ्या मजल्याची वीज बंद करायचीय."

"त्यांनी सांगितलंय का?" चौकीदार म्हणाला. "मागे असंच कुणीतरी बंद केली आणि शिव्या मला बसल्या."

एरवी ससा इथे मान डोलवून मागे फिरला असता. तो चौकीदाराच्या समोर गेला, अगदी अंगावर, आणि म्हणाला, "वर माणूस मेलं असेल. माझ्यामुळे. किल्ली द्या."

चौकीदाराने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि उष्ट्या हातानेच किल्ली काढून दिली.

सशाने मेन ओढला. पुन्हा जिना. आता दाराआडून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ही शांतता त्या टकटकीपेक्षा वाईट होती. तो दाराला पाठ लावून उभा राहिला. दार फोडावं का? फोडल्यावर आत काय दिसेल? त्याला एक क्षण असं वाटलं, की जिना उतरावा, चालत राहावं आणि घरी जाऊच नये. हे वाटलं याची त्याला पुढे कितीतरी दिवस शरम वाटत राहिली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. हळूहळू, एकेक पायरी मोजल्यासारखी. वळणावर आधी एक कापडी पिशवी दिसली, मग धाकटी दिसली.

"तुम्ही?" ती म्हणाली. "काही विसरलात का?"

सशाने नुसतं दाराकडे बोट केलं.

"ताई आहे की आत. दार उघडत नाहीये? झोपली असेल. रात्रभर जागली, भुंग्याच्या रागाने." तिने पिशवीतून किल्ली शोधायला सुरुवात केली. रुमाल निघाला, औषधाची बाटली निघाली, चष्म्याचं घर निघालं. किल्ली सर्वांत शेवटी निघाली.

दार उघडलं. थोरली खुर्चीत होती. मान छातीवर, तोंड किंचित उघडं, आणि एक हात खुर्चीबाहेर लोंबलेला, बोटं ॲम्प्लिफायरच्या पेटीपासून वीतभर अंतरावर. ससा उंबऱ्यातच थिजला. धाकटी सरळ आत गेली आणि बहिणीचा खांदा हलवला.

"ताई. अगं ताई, ऊठ. वीजवाले आलेत."

काही झालं नाही. धाकटीने पुन्हा हलवलं. मग थोरलीने डोळे उघडले, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, "आता काय राहिलंय यांचं?"

सशाला इतकं बरं कुणाच्याच रागावण्याने वाटलं नव्हतं. तो तिथेच, दाराजवळ, फरशीवर बसला. धाकटीने पाणी आणलं. ते त्याने एका दमात पिऊन टाकलं.

मग त्याने सांगितलं. बोलायला लागला आणि थांबेचना. गुणगुण जात नव्हती, मालक म्हणाला काहीही कर, मी हिरवी तार कापली, जोडणी सैल होती हे खोटं होतं. उस्तादाचंही सांगितलं, जे त्याने बायकोलाही कधी धड सांगितलं नव्हतं. दोघी ऐकत राहिल्या. धाकटी आपल्या हाताकडे बघत होती.

"म्हणजे त्या झिणझिण्या खऱ्या होत्या," ती म्हणाली.

सशाने पेला खाली ठेवला. "कुठल्या झिणझिण्या?"

"मघाशी पेटी पुसत होते तेव्हा. कोपरापर्यंत मुंग्या आल्या. मला वाटलं, वयाचंच काहीतरी. म्हणून तर डॉक्टरांकडे जाऊन हे औषध आणलं." तिने बाटली दाखवली.

सशाने खाली जाऊन मेन चालू केला, वर येऊन टेस्टर ॲम्प्लिफायरच्या पेटीला लावला. दिवा लागला. मंद, पण लागला. त्याने तो दोघींना दाखवला. वीज गाळणारी पेटी आपला कचरा हिरव्या तारेत सोडते. तारच नाही म्हटल्यावर तो सगळ्या यंत्रांच्या पत्र्यावर येऊन बसला होता. "एवढ्याने नुसत्या मुंग्या येतात," तो म्हणाला. "पण उद्या आत एखादी तार सुटून पत्र्याला लागली असती, तर मुंग्यांवर भागलं नसतं."

मग त्याला एक गोष्ट कळेना. सकाळी काम झाल्यावर त्याने भीतीपोटी ॲम्प्लिफायरला टेस्टर लावून पाहिला होता, तेव्हा दिवा लागला नव्हता. त्या न लागलेल्या दिव्यानेच तर त्याने स्वतःची समजूत घातली होती. मग सकाळ ते दुपार बदललं काय?

"आज मी गेल्यानंतर कुणी कशाला हात लावला होता का? एखादी तार काढली, घातली?"

"कोण लावणार?" थोरली म्हणाली.

धाकटीच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तिने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "ताई, तू रागावू नकोस," ती म्हणाली, "मी लावला."

आणि मग तिच्या पोटातलं बाहेर आलं. लहान खोलीत तिचा टीव्ही होता. थोरलीला मालिकांचा तिटकारा, रडारड नुसती, म्हणायची. म्हणून धाकटी आवाज अगदी बारीक ठेवून बघायची, आणि तिला आताशा कमी ऐकू यायचं. मोठे स्पीकर आले तेव्हा तिने टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं, थोरली फिरायला गेली असताना. त्याच्याकडून एक बारीक तार कपाटामागून, भिंतीच्या भोकातून, थेट ॲम्प्लिफायरपर्यंत नेली. संध्याकाळी थोरली बाहेर पडली की धाकटी त्या छातीइतक्या उंच स्पीकरांवर आपली मालिका ऐकायची. आज भुंगा गेला, आता ताई दिवसभर इथेच बसणार, उगाच उघडकीला येईल, या धास्तीने तिने ती तार टीव्हीतून उपसून ठेवली होती.

सशाला सगळा उलगडा झाला. टीव्ही घराच्या जुन्या अर्थिंगवर, ॲम्प्लिफायर त्याने गाडलेल्या नव्या अर्थिंगवर, आणि दोघांना जोडणारी ही चोरटी तार. दोन अर्थिंगांच्या मध्ये वेटोळं तयार झालं होतं आणि तेच गुणगुणत होतं. त्याने हिरवी तार कापली तेव्हा वेटोळं तुटलं, आणि ॲम्प्लिफायरचा जमिनीशी संबंध उरला तो त्या केसाएवढ्या तारेपुरता. धाकटीने तीही काढली, तेव्हा काहीच उरलं नाही. पहिल्याच दिवशी मागच्या तारा बघू का, एवढं विचारलं असतं तर यातलं काही झालं नसतं.

मग थोरली धाकटीला म्हणाली, "कुठली मालिका?"

धाकटीने नाव सांगितलं. थोरलीने डोळे मिटले, जसे गाणं ऐकताना मिटायची. मग सशाकडे वळली.

"तार कापायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही ओरडाल म्हणून."

"मी ओरडते, हे खरं आहे," ती म्हणाली. "हिला विचारा. पण माझ्या ओरडण्याने आजवर कुणी मेलेलं नाही."

ससा मान खाली घालून उठला आणि कामाला लागला. कापलेली तार जोडली. नवं आणि जुनं अर्थिंग एकाच ठिकाणी आणून बांधलं. टीव्हीलाही त्याच लाइनवरून वीज दिली, आणि ती चोरटी तार राजरोस भिंतीच्या कडेने नेऊन पुन्हा जोडली. हे सगळं करायला संध्याकाळ झाली. प्रत्येक जोडणी ओढून बघितली, पुन्हा बघितली. टेस्टर पेटीला लावला, दिवा नाही. धाकटीला बोट लावायला सांगायचा धीर त्याला झाला नाही, म्हणून स्वतःचं बोट लावलं, नखाच्या बाजूने, डोळे मिटून. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मालकाला सांगितलं. मालक बघतच राहिला. "मला कशाला सांगितलंस? न सांगता मला कळलं असतं का?"

"नसतं," ससा म्हणाला. "म्हणूनच सांगितलं." मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने मालकाला एक अट घातली. यापुढे वेगळं अर्थिंग करायचं असेल तर ते घराच्या अर्थिंगला जोडायचं, नाहीतर ते काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं. मालकाने त्याला आठवडाभर घरी बसवलं, मग परत बोलावलं, आणि अट मान्य आहे की नाही हे न बोलता पुढचं काम दिलं. त्या आठवड्यात ससा आपण काम केलेल्या एकेका घरी जाऊन हिरव्या तारा तपासत फिरला. एकही तुटलेली नव्हती, त्या एका घराखेरीज त्याने कधी कापलीच नव्हती. ते त्यालाही माहीत होतं. पण रात्री अंगावर काटा येऊन जाग यायची, कानात टक् टक् वाजायचं, आणि बायको पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "अहो, आपलंच घर आहे. झोपा."

भीती गेली नाही. तशी ती जातही नाही. फक्त कुणी आवाज चढवला की तो आता म्हणतो, "थांबा, मला भीती वाटतेय, मला पुन्हा बघू द्या." लोक चकित होतात आणि थांबतात.

काही महिन्यांनी थोरलीने त्याला बोलावलं. काम काही नव्हतं. समोरच्या खुर्चीवर बसवलं, एक तबकडी काढली, फुंकर मारून यंत्रावर ठेवली आणि म्हणाली, "पूर्ण ऐका." धाकटी दारात येऊन उभी राहिली. ससा खुर्चीच्या कडेवर बसला. गाणं सुरू झालं, वाढलं, संपलं.

"कसं वाटलं?"

"गुणगुण नाही," ससा म्हणाला. "खरखर पण नाही."

"गाणं कसं वाटलं विचारतेय."

सशाने खरं तेच सांगितलं. "गाण्याकडे लक्षच नव्हतं, बाई. छातीत धडधडत होतं."

थोरलीने सुई उचलली आणि तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली.